कटर गावोगाव पोचला, कानस कधी पोचणार?

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मे महिना संपत आला की आपल्या पेपरात दोन प्रकारच्या बातम्या यायला लागतात. एक म्हणजे अमुक रस्त्यावर झाड पडून गाडीचा चुराडा झाला, ती फोटोसकट पहिल्या पानावर. आणि दुसरी आतल्या पानावर चार ओळीत, फांद्या तोडताना कामगार खाली पडला किंवा त्याला शॉक लागला किंवा कटरने मांडी कापली गेली. पहिल्या बातमीवर आठवडाभर चर्चा होते, महापालिका काय करते, ठेकेदार काय करतो, झाडं कोण मोजतं वगैरे, आणि दुसरी बातमी वाचून लोक पान उलटतात. मला त्या दुसऱ्या बातमीबद्दल लिहायचंय, जरा लांबलचक होईल पण जागा द्यावी ही विनंती, कारण यातल्या बऱ्याचशा माणसांचा जीव वाचू शकतो आणि त्यासाठी फार पैसे लागत नाहीत.

मी दापोली तालुक्यात छोट्या इंजिनांची दुरुस्ती करतो, म्हणजे ब्रशकटर, पाण्याचे पंप, पॉवर टिलर आणि झाडं कापायचे कटर, म्हणजे पेट्रोलवर चालणारी चेनची करवत. पूर्वी आमच्याकडे कटर म्हणजे लाकूड व्यापाऱ्याची नाहीतर वनखात्याची वस्तू होती, बाकी सगळं काम कुऱ्हाड, कोयता आणि दोन माणसांची करवत. मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोली या पट्ट्यातल्या नारळी पोफळीच्या बागा अक्षरशः आडव्या झाल्या, आंब्याची पन्नास पन्नास वर्षांची कलमं मुळासकट उपटून पडली, रस्ते बंद, लाइट कित्येक गावात आठवडेच्या आठवडे नाही. त्या वेळी ज्याच्याकडे कटर तो गावाचा देव होता. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याने वर सरकलं आणि परत तेच. तेव्हापासून प्रत्येक वाडीत दोन चार कटर आलेत, ऑनलाइन सात आठ हजारात मशीन घरपोच येतं, खोका उघडा, पेट्रोल घाला, दोरी ओढा, चालू. पण त्या खोक्यात चेनला धार लावायला कानस कशी मारायची ते शिकवणारा माणूस येत नाही, हेल्मेट येत नाही, आणि पडलेल्या झाडात ताण कुठे असतो ते सांगणारं कुणी येत नाही.

माझ्याकडे येणारी सगळ्यात जास्त तक्रार कुठली असेल तर, काका मशीन ताकद घेत नाही. कार्बोरेटर खोला, पिस्टन बघा, प्लग बदला असं सांगत येतात. मी आधी मशीन चालू करत नाही, भुसा कसा पडत होता ते विचारतो. पिठासारखा बारीक पडत होता म्हणतात. झालं, इंजिनाला काही झालेलं नाही, चेन बोथट आहे. धारदार चेन लाकडात स्वतःहून ओढली जाते आणि चुऱ्याचे जाड जाड तुकडे टाकते, बोथट चेनला वरून दाबावं लागतं, धूर येतो, बार, म्हणजे चेन जिच्या कडेने फिरते ती लांब पट्टी, निळा पडतो, क्लच जळतो. आणि त्याहून वाईट म्हणजे माणूस सगळं वजन मशीनवर टाकून उभा असतो, त्यामुळे कापून झालं की तोल पुढे जातो आणि मशीन सरळ गुडघ्याकडे. झाडाच्या कामातले निम्मे धोके बोथट चेनमधून सुरू होतात असं माझं ठाम मत आहे.

धार लावणं अवघड नाही. गोल कानस लागते, पण चेनच्या मापाची. छोट्या मशीनवर थ्री एट लो प्रोफाइल मापाची चेन असेल तर ४ मिलिमीटरची, आणि ऑनलाइनवाल्या ५८ सीसीच्या मशीनवर बहुतेक पॉइंट थ्री टू फाइव्ह मापाची चेन असते, तिला ४.८ ची. चेनच्या कडीवर किंवा बारवर माप कोरलेलं असतं, ते वाचून कानस घ्यायची, दुकानदार देईल ती नाही. बार व्हाइसमध्ये धरायचा, ब्रेक लावायचा, आणि कानस दाताच्या आतून बाहेरच्या दिशेने ढकलायची, फक्त ढकलताना दाब द्यायचा, मागे आणताना उचलून आणायची, पुढे मागे घासायची नाही. कोन साधारण ३० अंश, बऱ्याच चेनच्या दातावर वरच्या बाजूला एक तिरकी रेघ असते ती त्यासाठीच असते, कानस तिला समांतर ठेवली की झालं. एका बाजूचे सगळे दात आधी, मग मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे, प्रत्येक दाताला सारखेच हात. सगळ्यात छोटा झालेला दात शोधायचा आणि बाकीचे त्याच्याएवढे आणायचे, कारण एका बाजूचे दात लांब राहिले की कटर लाकडात वाकडा जातो, अर्धवर्तुळ काढतो आणि मग बार अडकतो. दाताच्या पुढे जो छोटा उंचवटा असतो तो किती खोल कापायचं ते ठरवतो, तो दातापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली हवा. चार पाच वेळा धार लावल्यावर दात खाली येतो, मग उंचवटा पण चपट्या कानशीने तेवढा उतरवायला लागतो, त्यासाठी पट्टी मिळते स्वस्तात. पण काही पोरं एकदम खूप उतरवतात, जास्त खावं म्हणून, आणि मग मशीन धक्के मारायला लागतं, हाताला आवरत नाही.

आणि माती. पडलेलं झाड चिखलात लोळलेलं असतं, सालीत वाळू भरलेली असते, एकदा बारचं टोक जमिनीला लागलं की सकाळी लावलेली सगळी धार गेली. आधी कोयत्याने चिखलाची साल उडवायची, मग कटर लावायचा. ओंडका जमिनीवर असेल तर तीन चतुर्थांश कापून तो फिरवायचा आणि उरलेलं वरून कापायचं. कुंपणाच्या झाडात काटेरी तार आत गेलेली असते, शहरातल्या झाडात बोर्डांचे खिळे, ते आधी बघून घ्यायला पाहिजे. नारळाचं आणखी वेगळं, आंबा फणसाचं लाकूड मध्ये टणक असतं आणि नारळाचं उलटं, बाहेरची कड लोखंडासारखी आणि आत मऊ भुसभुशीत, त्यामुळे दात पटकन जातात, शिवाय तंतू निघून ते स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या, झाकणात गुंडाळले जातात आणि मशीन गरम होतं. नारळ कापताना थोड्या थोड्या वेळाने मशीन बंद करून झाकण उघडून साफ करा, नाहीतर क्लचचं काम माझ्याकडे येणार हे नक्की.

पेट्रोलबद्दल दोन शब्द, कारण यात लोकांचे फुकट पैसे जातात. हे टू स्ट्रोक इंजिन आहे, ऑइल पेट्रोलमध्ये मिसळूनच जातं. चांगल्या कंपनीच्या मशीनला त्यांच्या ऑइलबरोबर पन्नासास एक, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, आणि बऱ्याच स्वस्त मशीनच्या पुस्तकात पंचवीसास एक लिहिलेलं असतं, म्हणजे लिटरला ४०. पुस्तकात असेल तेच प्रमाण, अंदाजे झाकणाने नाही. कमी पडलं की पिस्टन जाम, जास्त पडलं की प्लग काळा आणि धूर. आता पंपावर जे पेट्रोल येतं त्यात वीस टक्क्यापर्यंत इथेनॉल आहे आणि इथेनॉल हवेतली ओल पितं, कोकणच्या पावसाळी हवेत तर फारच. मिसळलेलं पेट्रोल महिनाभर टाकीत राहिलं की खाली पाणी बसतं, कार्बोरेटरचे पातळ पडदे कडक होतात, आणि नेमकं वादळाच्या दिवशी मशीन चालू होत नाही. म्हणून काम झालं की टाकी रिकामी करायची, मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, मग ठेवायचं. चेनचं ऑइल वेगळं असतं, त्यात गाडीतून काढलेलं काळं ऑइल घालणारे भरपूर आहेत, ते घालू नका, त्यात धातूचा बारीक चुरा असतो, बारची खाच खातो आणि अंगावर उडतं ते कातडीला वाईट. ऑइल येतंय की नाही बघायला बारचं टोक एखाद्या पांढऱ्या लाकडाजवळ धरून रेस द्यायची, ऑइलची बारीक रेघ उमटली पाहिजे.

आता उसळीबद्दल. बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग लाकडाला लागला की चेन लाकडात घुसण्याऐवजी बार उसळून वर, सरळ तोंडाकडे येतो, डोळ्याची पापणी लवायच्या आत. म्हणून पुढच्या हँडलच्या पुढे ब्रेकची पट्टी असते, हात घसरला किंवा जोरात धक्का बसला की ती चेन थांबवते. माझ्याकडे येणाऱ्या मशीनमध्ये ही पट्टी मोडलेली किंवा काढून टाकलेली कितीतरी वेळा असते, मध्ये येते म्हणून काढली म्हणतात. ब्रेक चालत नसेल ते मशीन मी परत देत नाही, लोक चिडतात, चिडू देत. डावा अंगठा हँडलखालून घट्ट, डावा हात सरळ, बारच्या रेषेत डोकं नाही, थोडं डावीकडे उभं राहायचं, खांद्याच्या वर कटर उचलायचा नाही, आणि झाडावर बसून एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने कटर, हे तर कधीच नाही. मशीन चालू करताना जमिनीवर ठेवून मागच्या हँडलमध्ये पायाचा बूट घालून दोरी ओढायची, हवेत लोंबकळत नाही. पेट्रोल भरताना गरम मशीनवर नाही, तोंडात बिडी तर नाहीच.

पायात चप्पल आणि हाफ पँट घालून कटर चालवणारे रोज दिसतात. कटरच्या खास पँटीत लांब लांब धागे भरलेले असतात, चेन लागली की ते धागे ओढले जाऊन स्प्रॉकेटमध्ये गुंततात आणि पेट्रोलचं मशीन जागच्या जागी थांबतं, पायाला पोचायच्या आत. ती महाग आहे हे खरं, पण पूर्ण पँट नको तर पुढून बांधायचं चॅप मिळतं, चौघांत एक घेतलं तरी चालतं कारण कटर एकाच्याच हातात असतो. डोक्याला आयएस २९२५ चं हेल्मेट, तोंडापुढे जाळी, आणि कानाला मफ, कारण या मशीनचा आवाज शंभर डेसिबलच्या वर असतो आणि आमच्या भागातले जुने कटरवाले आज मोबाइलवर नीट ऐकू शकत नाहीत.

वादळात पडलेल्या झाडाचं काम उभ्या झाडापेक्षा कितीतरी धोक्याचं. उभं झाड पाडायचं असेल तर नियम सरळ आहे. झाडाच्या दुप्पट उंचीच्या घेरात कुणी नको, पडणाऱ्या बाजूला जाडीच्या चौथ्या हिश्श्याएवढी खाच, मागून पाठकाप खाचेच्या टोकापेक्षा थोडा वर, आणि मध्ये जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढा पट्टा न कापता सोडायचा. तो पट्टा म्हणजे बिजागर, झाडाला दिशा तोच देतो, तो पूर्ण कापला की झाड वाटेल तिकडे जाणार. आपल्याला पळायची वाट मागे तिरकी, आधीच साफ करून ठेवलेली. पण एका बाजूला खूप झुकलेलं झाड अशा पद्धतीने कापलं तर ते मधूनच उभं फाटतं आणि मागचा तुकडा बंदुकीसारखा उडतो, त्या झाडाला आधी दोर बांधून पद्धत बदलायला लागते, आणि ते माहीत असलेल्या माणसानेच करावं.

पडलेल्या झाडात सगळं ताणाचं गणित असतं. ओंडका दोन्ही टोकांना टेकलाय आणि मध्ये अधांतरी आहे, तर त्याची वरची बाजू दाबलेली असते आणि खालची ताणलेली. आधी वरून तिसऱ्या हिश्श्याएवढं कापायचं आणि मग खालून वर कापत न्यायचं, उलटं केलं तर बार चिमटीत अडकतो. एकच टोक टेकलंय आणि दुसरं लोंबतंय तर आधी खालून थोडं, मग वरून. एखादं लवचिक खोड धनुष्यासारखं आडवं वाकून अडकलं असेल तर वाकाच्या आतल्या बाजूला उभं राहायचं, कारण सुटल्यावर ते बाहेरच्या बाजूला झटका मारतं, आणि एकदम न कापता आतल्या बाजूने थोडं थोडं खरवडत ताण सोडवायचा. हे सगळं नुसतं वाचून येत नाही, एखाद्या जाणत्याबरोबर दोन ओंडके कापले की एका दिवसात डोक्यात बसतं.

सगळ्यात फसवा म्हणजे मुळांचा गड्डा. मोठं कलम मुळासकट उपटलं की बुंध्यामागे मातीचा आणि मुळांचा पुरुषभर उंचीचा पडदा उभा राहतो आणि खाली खड्डा. खोड कापलं की पुढचं वजन जातं, आणि गड्डा परत खड्ड्यात धाडकन बसतो, कधी कधी बुंधा उभा राहतो तोफेसारखा. त्या खड्ड्यात पोरं खेळत असतात, बायका सुकी मुळं गोळा करत असतात. कापायच्या आधी खड्डा रिकामा आहे हे आपण स्वतः जाऊन बघायचं, दुसऱ्याला विचारून नाही, आणि गड्डा जेसीबीच्या बकेटने किंवा तारेच्या दोराने मागून धरून ठेवायचा. खोड बुंध्याजवळ न कापता चार सहा फूट सोडून कापलेलं बरं.

विजेचं तर काय सांगू. ओली फांदी तारेवर पडली असेल तर ती फांदी म्हणजेच तार. महावितरणच्या माणसाने फोनवर सांगितलं लाइन बंद आहे, एवढ्यावर कुऱ्हाड उचलू नये. लाइनमनने जागेवर येऊन तपासून अर्थिंग करून दिलं की मगच हात लावायचा. कारण लाइन सबस्टेशनला बंद असली तरी एखाद्या बंगल्यातला जनरेटर चुकीच्या जोडणीने उलटा करंट तारेत सोडतो, आणि वादळानंतर लाइट नसताना जनरेटर घरोघरी चालू असतात. अॅल्युमिनियमची शिडी तारेजवळ नेऊच नये.

आता गाड्यांकडे येतो, कारण हल्ली झाड म्हटलं की लोक पहिला फोन जेसीबीवाल्याला करतात. जेसीबी झाड ढकलायला बरा वाटतो, पण ढकलल्यावर आधी शेंडा हलतो आणि सुकी फांदी तुटून केबिनवर येते, आणि अर्धवट उपटलेलं झाड जेसीबी मागे घेतल्यावर परत त्याच्यावर येतं. माणसाला बकेटमध्ये उभं करून वर उचलून फांदी तोडायची पद्धत तर सर्रास दिसते, बकेट माल उचलायला असते, माणूस नाही, तेलाचा होस पाइप फुटला की बकेट खाली येते आणि वरचा माणूस धरायला काही नसतं. हायड्रा क्रेनचं पण तसंच. बारा चौदा टनाची म्हणतात, पण ती क्षमता बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, आत घेतलेला, गाडी सरळ आणि जमीन सपाट असताना. बूम लांब केला, गाडी वळवली, जमीन उतरती असली की तीच क्रेन एक दोन टनाला उलटू शकते. आणि ओंडक्याचं वजन लोक नेहमी कमी धरतात. ओलं लाकूड घनमीटरला टनाच्या आसपास भरतं, म्हणजे दोन फूट जाड आणि दहा फूट लांब आंब्याचा ओंडका आठशे नऊशे किलो होतो. क्रेनवाल्याला हा आकडा आधी सांगायचा, मग दोर बांधायचा, आणि उचलताना दोर सरळ वर असला पाहिजे, तिरका ओढायचा नाही.

गाडी जात नाही अशा वाडीत हाताने चालवायचा तिरफॉर फार कामाचा, तारेच्या दोराचं हातविंच, वनखात्याकडे असतात. दोन माणसं तो हलवतात आणि टनाचं झाड इंच इंच सरकतं, थांबतं तिथे थांबतं. तार ताणलेली असताना तिच्या रेषेत आणि ती वळते त्या कोनाच्या आत कुणी उभं राहायचं नाही, तारेवर ओला गोणपाट टाकायचा म्हणजे तुटली तर उडणार नाही. फांद्या वरून खाली सोडताना दोर शेजारच्या झाडाच्या बुंध्याला दोन तीन वेढे देऊन सोडायचा, एक माणूस शंभर किलोची फांदी हळूहळू उतरवू शकतो, हाताला दोर गुंडाळून मात्र कधीच नाही. काथ्याची दोरी भिजली सुकली की आतून कुजते आणि वरून चांगली दिसते, पिवळा प्लॅस्टिकचा दोर घासला की वितळतो. माणूस ज्या दोरावर आहे तो दोर वेगळा आणि फांदी ज्या दोरावर आहे तो वेगळा, हे गावातल्या पाडेल्यांना, म्हणजे नारळावर चढणाऱ्यांना, पण सांगायला लागतं, माझा त्यांच्या कसबाबद्दल फार आदर आहे पण कमरेला एकच दोरी आणि हातात कटर हे जमणारं नाही, चुकून स्वतःचीच दोरी कापली जाते. कटर वर न्यायचा असेल तर माणसाला दोन बांधण्या, त्यातली एक तारेचा गाभा असलेली, आणि अंगभर हार्नेस, आयएस ३५२१ चा शिक्का बघून. मनगटाएवढ्या फांदीला तर कटर न्यायचाच कशाला, वाकड्या पात्याची हातकरवत ओढून कापते, आवाज नाही, धोका नाही.

शहरातल्या लोकांसाठी पण एक सांगतो, पुण्यात मुंबईत माझे नातेवाईक आहेत, तिकडे दर मे महिन्यात हायड्रॉलिक शिडीच्या गाड्या फिरतात. ती गाडी चांगलीच आहे, पण तिचे चार जॅक कुठे टेकवलेत ते बघा. गटाराच्या चेंबरच्या झाकणावर किंवा फुटपाथच्या स्लॅबवर जॅक टेकवला आणि तो खचला तर वरचा पिंजरा सरळ रस्त्यावर. जॅकखाली जाड लाकडी फळ्या टाकायला दोन मिनिटं लागतात. पिंजऱ्यातल्या माणसाचा पट्टा पिंजऱ्याच्या हुकला अडकवलेला पाहिजे, नुसता अंगात घालून उपयोग नाही. आणि छाटणी म्हणजे एका बाजूच्या सगळ्या फांद्या सपाट उडवणं नाही, मग झाड दुसऱ्या बाजूला झुकतं आणि पुढच्या पावसात पडतं. मोठी फांदी तीन कापात काढायची, आधी खोडापासून फूटभर लांब खालून थोडं, मग थोडं पुढे वरून कापून वजन काढायचं, आणि शेवटी उरलेलं खुंट जिथे फांदीच्या बुडाशी फुगीर कडं असतं त्याच्या बाहेरून. ते कडं शाबूत राहिलं तर झाड जखम स्वतः भरतं, कडं कापलं तर आत कीड आणि कुज, आणि पाच सात वर्षांनी तीच जागा मोडते. १९७५ चा झाडांचा कायदा नागरी भागात परवानगी मागतो, वृक्ष अधिकारी असतो, पण कापणाऱ्याला कापता येतं का हे कुठल्याच कागदावर विचारत नाहीत. टेंडरमध्ये झाडांची संख्या असते आणि दर असतो. त्यात एवढंच घालावं की ठेकेदाराने ट्रेनिंग घेतलेला माणूस, चालू ब्रेकचं मशीन आणि हार्नेस दाखवल्याशिवाय काम सुरू करायचं नाही, आणि त्याचा खर्च दरात धरावा, नाहीतर कमी बोलीवाला तो खर्च पहिला उडवणार.

फांद्यांचा चुरा करणारे चिपर आता शहरात दिसतात, आमच्याकडे ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे मागच्या फिरत्या शाफ्टवर, चालणारे श्रेडर, झावळ्या आणि फांद्यांचा चुरा आंब्याच्या बुडाला आच्छादन म्हणून उत्तम. पण मिनिटाला ५४० फेऱ्यांनी फिरणाऱ्या शाफ्टवर झाकण नसेल तर तो लुंगी, उपरणं, पदर काही सोडत नाही. झाकण बसवा, आणि फांदी हाताने आत ढकलू नका, शेवटचा तुकडा लांब काठीने ढकला.

माझं मागणं असं आहे. प्रत्येक तालुक्यात वादळाच्या आधी, म्हणजे एप्रिलमध्ये, पाच दिवसाचं ट्रेनिंग व्हावं, आयटीआयमध्ये इंजिन आणि धार, आणि दापोलीला बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आहेच, त्यांच्या बागेत जुनी झाडं काढायची असतातच, तिथे ओंडक्यावर प्रत्यक्ष. आपत्तीत मदतीसाठी आपदा मित्र म्हणून ज्या पोरांना शिकवतात त्यांना पूर आणि प्रथमोपचाराबरोबर हे पण शिकवावं. आणि ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या पैशातून एक पेटी ठेवावी, त्यात एक बरा कटर, दोन चेन जादा, दोन्ही मापाच्या कानशी, चॅप, हेल्मेट, हार्नेस, तीस मीटरचा चांगला दोर, कप्पी, तिरफॉर, आणि रक्त थांबवायच्या पट्ट्या. पेटीची चावी दोन माणसांकडे, सरपंचाच्या घरी एकच चावी ठेवली आणि सरपंच मुंबईला गेले की संपलं. दर महिन्याला एकदा मशीन चालू करून बघायचं, टाकी रिकामी करून परत ठेवायचं, आणि वहीत तारीख लिहायची.

ट्रेनिंगला शिकवायला पैसे लागत असतील तर धार आणि इंजिनाचा एक दिवस मी फुकट घेईन, व्हाइस आणि कानशी माझ्या. तहसीलदार कार्यालयाने किंवा आयटीआयने फक्त तारीख कळवावी.

आपला नम्र,
एक वाचक, छोट्या इंजिनांचा मेकॅनिक
ता. दापोली, जि. रत्नागिरी